पोथी, कंदील आणि कार्टून : संथ चित्रांचे मोठे प्रेक्षक

गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोज' हा चित्रपट ८ मार्च २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला. त्याआधी २०१९ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातील समीक्षक सप्ताहाची सुरुवात याच चित्रपटाने झाली होती. मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या या दिग्दर्शिकेने सुमारे साठ चित्रकारांना बरोबर घेऊन दीड वर्ष काम केले आणि चित्रपटाची एकेक चौकट हाताने रंगवून घेतली. फुलांच्या माळा विकणारी आणि रात्री बारमध्ये नाचणारी कमला, काश्मीरमधून आलेला फुलविक्या सलीम, जुन्या सिनेमाच्या आठवणींत रमलेल्या वयस्क शर्ली डिसूझा अशी यातली माणसे आहेत. बालविवाहातून सुटका, पोटासाठी सोडलेले गाव, धर्माआड अडलेले प्रेम, हे यातले विषय. लहान मुलांसाठी तो केलेला नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत कळते.

परळीत मी ज्या पाच-सात जणांना हा चित्रपट पाहायला सांगितला, त्यांच्याकडून दोनच वाक्ये फिरून फिरून ऐकली. पहिले, न पाहताच म्हटलेले : "कार्टून आहे ना? मग पोरांना लावून देतो." दुसरे, पाहून झाल्यावर किंवा अर्ध्यात सोडल्यावर म्हटलेले : "चित्रं लई भारी, पण लई हळू चाललंय." छापून आलेल्या परीक्षणांची भाषा वेगळी होती, सूर मात्र फार वेगळा नव्हता. रंगकामाची तारीफ जवळजवळ सर्वांनी केली. कथा रेंगाळते, पात्रांची गर्दी होते, अशी तक्रारही अनेकांनी केली.

या दोन वाक्यांचा इतिहास शोधावा असे मला वाटले. हाताने काढलेले हलते चित्र म्हणजे मुलांचा खाऊ, हे आपल्याकडे कधी ठरले? आणि ज्या मुलखात माणसे अजूनही रात्रभर कीर्तन आणि गोंधळ ऐकत बसतात, तिथे दीड तासाचा चित्रपट संथ का वाटावा?

आधी हातकामाचा हिशेब मांडू. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. ९० मिनिटांच्या चित्रपटाला त्या १,२९,६०० होतात. एकच चित्र दोन चौकटींना वापरले, तरी ६४,८०० चित्रे काढावी लागतात. कॅमेऱ्यासमोर एखादी बाई खिडकीत नुसती उभी राहिली, तरी वाऱ्याने तिचे केस आपोआप हलतात, छाती खालीवर होते. चित्रात तेवढे घडवायचे तर कुणाला तरी मान मोडून ते केस पुन्हा पुन्हा काढत बसावे लागते. चित्र नुसते थांबवून ठेवणे स्वस्त पडते; थांबलेले माणूस जिवंत दिसावे, हे महाग पडते. तेव्हा अशा चित्रपटातला संथपणा कुणाच्या तरी दुर्लक्षातून आलेला नसतो. तो पैसे आणि डोळे खर्च करून मिळवलेला असतो. मग तो समोरच्या माणसापर्यंत का पोचत नाही, हा माझा प्रश्न.

चित्रे दाखवून मोठ्या माणसांना गोष्ट सांगण्याचा पुरावा आपल्या भागात बाराव्या शतकापर्यंत मागे जातो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ साधारण ११३०च्या सुमाराचा. त्यात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. १९४८पर्यंत ते आणि आमचा बीड जिल्हा एकाच हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे हा पुरावा मला परका वाटत नाही. चित्रकथीचा हा सर्वांत जुना प्रेक्षक, म्हणजे राजदरबार, वयाने मोठा होता हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हीच कला पुढे कोकणात सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पिंगुळी गावी टिकली. कुडाळजवळच्या या गावातल्या ठाकर समाजाने सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ती जपली. एका कथेच्या चित्रांच्या संचाला तिथे पोथी म्हणतात. पोथीतले एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरायचे, वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर कथा गात-बोलत सांगायची, मग पुढचे चित्र काढायचे, अशी रीत. रामायण-महाभारतातल्या कथा सगळ्यांना पाठ असत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी जुनी चित्रे आहेत. त्यांतली पात्रे बाजूने काढलेली, डोळे मोठे, पाय चालायच्या बेतात. चित्र हलत नाही, पण हलायच्या आधीच्या क्षणी ते पकडलेले असते. त्याला हलवायचे काम कथेकऱ्याचा आवाज करतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती माझ्या पुढच्या सगळ्या म्हणण्याचा पाया आहे. चित्र किती वेळ समोर राहणार, हे चित्रकथी ठरवत असे. लोक रंगले तर तो एकाच चित्रावर रेंगाळे, कंटाळले तर दोन वाक्यांत पुढे सरके. वेग चित्रात बांधलेला नव्हता. तो सांगणारा आणि ऐकणारे यांच्यात दर रात्री नव्याने ठरत असे. त्यामुळे 'संथ' ही तक्रार उभी राहायला तिथे जागाच कमी होती.

आता दुसऱ्या कल्याणला जाऊ, ठाणे जिल्ह्यातल्या. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२च्या सुमारास जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले आणि त्यांना भारदस्त नाव दिले, 'शांबरिक खरोलिका'. 'मॅजिक लँटर्न'चेच हे संस्कृत रूप. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर मोठी करून दाखवायची आणि पट्ट्या पुढेमागे बदलून हालचालीचा भास निर्माण करायचा. त्यांचे मुलगेही या कामात होते. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलचित्रे दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ला, म्हणजे पटवर्धनांच्या कंदिलानंतर. मराठी माणसाने पडद्यावर पहिल्यांदा हलताना पाहिलेली माणसे अशी हाताने रंगवलेली होती. तिथेही पडद्याशेजारी सांगणारा आणि गाणारा असे.

दादासाहेब फाळक्यांच्या काळापर्यंत हा सांगणारा टिकून होता. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा. मूकपटातल्या पाट्या वाचता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी, पदरची चार वाक्येही घाली. फाळक्यांनी स्वतः १९१५मध्ये 'आगकाड्यांची मौज' हा काड्या हलवून केलेला लघुपट बनवला. प्रभात कंपनीने १९३४मध्ये 'जंबूकाका' हे कार्टून काढले. पण तोवर पडदा बोलू लागला होता. १९३१ला 'आलम आरा', १९३२ला 'अयोध्येचा राजा'. बोलपटाने आपल्याला खूप दिले, त्यात वाद नाही. पडद्याशेजारचा माणूस मात्र त्याने उठवला. तेव्हापासून वेग यंत्रात बंद झाला.

स्वातंत्र्यानंतर हलते चित्र मोठ्या माणसांपुढे पुन्हा आले ते सरकारी वाटेने. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ची, आमचा मराठवाडा निजामाच्या अंमलातून सुटला त्याच वर्षीची. १९५६मध्ये तिथे कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेच्या कंपनीत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत त्यातून तयार झाले. मुख्य सिनेमाआधी सरकारी माहितीपट दाखवणे चित्रपटगृहांवर बंधनकारक होते. त्यामुळे बचत, कुटुंबनियोजन, आरोग्य असे विषय कार्टूनच्या रूपाने थेट मोठ्या माणसांपर्यंत पोचले. प्रमोद पतींसारख्या माणसाने त्यात धाडसी प्रयोगही केले.

ते कसे पाहिले जात, हे माझ्या पिढीला आठवत असेल. परळीला महाशिवरात्रीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा येई. आत सरकारी रीळ चालू असताना बाहेर बिड्या ओढल्या जात. उशिरा आलेल्याला "अजून डाक्युमेंटरीच चाललीय" असे सांगून दिलासा दिला जाई. तिथेही एक सांगणारा आवाज होता, पण तो दिल्लीहून यायचा. तो उपदेश करायचा आणि समोरच्याचे काही ऐकायचा नाही. चित्रकथीच्या आवाजाशी त्याचे नाते नव्हते. मोठ्यांसाठीचे कार्टून म्हणजे सरकारी शिकवण, ही पहिली गाठ इथे बसली.

दुसरी गाठ दूरदर्शनने मारली. विजया मुळे यांचा १९७४चा 'एक अनेक और एकता' हा लघुपट आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कित्येकांना तोंडपाठ आहे, पण तो मुलांसाठी होता. नव्वदीच्या दशकात रविवारी डिस्नेच्या मालिका आल्या, १९९३ला 'जंगल बुक' आले. चित्र हलू लागले की घरातला मोठा माणूस उठून जायचा आणि मुले सरकून पुढे बसायची. माझ्या मते 'पोरांना लावून देतो' या वाक्याचे वय इतकेच आहे, चाळीसेक वर्षांचे. त्यामागे उभी असलेली आठशे-नऊशे वर्षे आपण विसरलो.

'जंगल बुक'ची ती मालिका जपानमध्ये तयार झाली होती, आणि जपानची गोष्ट इथे उपयोगाची आहे. इसाओ ताकाहाता या दिग्दर्शकाचा 'ओन्ली येस्टर्डे' १९९१चा. सत्तावीस वर्षांची, टोकियोत नोकरी करणारी ताएको सुट्टी काढून खेड्यात शेतकामाला जाते आणि वाटेवर तिला दहाव्या वर्षातल्या लहानसहान गोष्टी आठवत राहतात, एवढीच कथा. दोन तासांच्या या चित्रपटात मारामारी नाही, जादू नाही. तरी त्या वर्षी जपानी चित्रपटांत सर्वांत जास्त कमाई त्याने केली, कारण मोठी माणसे तो पाहायला गेली. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत तो लागायला मात्र २०१६ उजाडले.

याच ताकाहातांनी १९९९मध्ये जपानच्या जुन्या चित्रगुंडाळ्यांवर एक पुस्तक लिहिले. बाराव्या शतकातल्या या गुंडाळ्या हेच आपले पहिले ॲनिमेशन, असे त्यांचे म्हणणे. बारावे शतक म्हणजे आपल्या सोमेश्वराचे शतक. जपानमध्ये मूकपटाशेजारी बसणाऱ्या निवेदकाला 'बेन्शी' म्हणत आणि त्याची तिथे नटाइतकी प्रतिष्ठा होती. सायकलवर चित्रांची पेटी लावून गल्लोगल्ली गोष्ट सांगणारे 'कामिशिबाई'वालेही होते. गुंडाळीपासून पडद्यापर्यंतचा धागा तिथे लोकांना दिसत राहिला. आपल्याकडेही लांबलचक कापडावर मांडलेला ग्रंथ आहे. अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी आमच्यापासून तासाभराच्या आत आहे, आणि तीत अक्षरांबरोबर आकृत्याही आहेत. ती आपण नमस्कार करून पाहतो. चित्रांच्या इतिहासात तिची जागा कुठली, हा प्रश्न विचारत नाही.

'ओन्ली येस्टर्डे' निवडून मी दोन वर्षांपूर्वी घरी दोन संध्याकाळी एक छोटा प्रयोग केला. निवडण्याचे कारण सोपे होते. ताएको ज्या शेतात कामाला जाते ते करडईचे आहे, आणि करडी, आम्ही तिला करडीच म्हणतो, मराठवाड्याच्या माणसाला ओळखायला भाषांतर लागत नाही. थर्मलमधून निवृत्त झालेले दोघे, एक शिक्षक, एक किराणा दुकानदार, शेजारच्या दोन मावशी आणि घरची मंडळी, असे नऊ जण पहिल्या संध्याकाळी जमले. चित्रपट जपानी, खाली इंग्रजी अक्षरे. मी मुद्दाम गप्प राहिलो. अर्ध्या तासात मोबाइल निघाले, शेवटपर्यंत चौघे राहिले.

आठवड्याने पुन्हा बोलावले. या वेळी सुरुवातीला पंधरा मिनिटांत सगळी गोष्ट शेवटासकट सांगून टाकली. मग चित्रपट लावून बाजूला बसलो, मराठीत सांगत गेलो आणि कुणी काही विचारले की चित्र थांबवले. आठ जण आले होते, सहा शेवटपर्यंत बसले. ताएकोच्या घरी पहिल्यांदाच अननस येतो, तो कापायचा कसा कुणालाच ठाऊक नसते आणि मोठ्या अपेक्षेने खाल्ल्यावर गोड लागत नाही, असा एक लांब प्रसंग आहे. पहिल्या संध्याकाळी तो शांततेत गेला होता. या वेळी त्यावर घरोघरच्या आठवणी निघाल्या आणि चित्र पाच मिनिटे थांबवावे लागले.

करडीचे शेत आले तेव्हा एक मावशी पुढे सरकल्या. त्यांनी उमेदीची वर्षे ऊसतोडीत आणि उरलेल्या दिवसांत रानातल्या मजुरीत काढली आहेत. बायका पहाटे फुले खुडत होत्या.

"भाऊ, फुलं कशाला तोडायलेत? मग तेल कशाचं काढतेत?"

"तेल नाही मावशी. या फुलांचा लाल रंग करतात. ओठांची लाली."

कुसुंबी रंग आपल्याकडेही याच फुलांचा, हेही सांगितले. पहाटेच का खुडायचे, हे सांगायला मी तोंड उघडले तर त्यांनीच उत्तर दिले : "दवात काटा नरम ऱ्हातो. आमी बी करडी काढायला येरवाळीच जायचो." चित्रपटातले कारणही तेच आहे. पुढे त्यात असे येते की काट्यांनी बोटे रक्ताळणाऱ्या त्या पूर्वीच्या मुलींना ती लाली स्वतः लावायला जन्मात मिळाली नाही. हे मराठीत सांगितल्यावर मावशी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ऊस तोडणाराच्या घरी बी साखर इकतच आणावी लागती."

या चित्रपटावर मी वाचलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा हे वाक्य मला चित्रपटाच्या जवळचे वाटले. पहिल्या संध्याकाळी याच मावशी याच प्रसंगाच्या आधी उठून गेल्या होत्या.

थर्मलमधून निवृत्त झालेल्या एका मित्राने मात्र नेमकी हरकत घेतली. "तुम्ही सांगत होतात म्हणून बसलो. मग सिनेमा कशाला, तुम्हीच सांगा की गोष्ट." हरकत टाकाऊ नाही. स्वतःच्या बळावर उभा न राहणारा चित्रपट कच्चाच, असे म्हणता येते. चित्रकथीचे प्रेक्षक आधीच गोष्ट जाणत होते, 'बॉम्बे रोज'चे प्रेक्षक जाणत नाहीत, हाही फरक खरा. आणि दिग्दर्शकाने जाणून ठेवलेली शांतता मी बोलून मोडली, असेही कुणी म्हणेल.

तरी माझे उत्तर असे आहे. गोष्ट आधी ठाऊक असली की 'पुढे काय' ही घाई संपते आणि डोळा चित्राकडे वळतो. सप्ताहातल्या कीर्तनात सीताहरणाचा शेवट कुणाला ठाऊक नसतो? तरी माणसे उठत नाहीत, कारण आज बुवा ते कसे सांगतात हे ऐकायचे असते. शेवट आधी कळला की मजा गेली, ही समजूत रहस्यकथेसाठी ठीक आहे. हाताने रंगवलेल्या चित्रासाठी ती घातक ठरते, कारण चित्रकाराने वर्षे घालवली ती चौकटीतल्या रंगांवर, आणि घाईतला डोळा त्यांच्यावर ठरत नाही. माझ्या दोन संध्याकाळींवरून नियम काढता येणार नाही, पण एवढे म्हणता येईल की आमच्या गल्लीतल्या माणसांना संथपणाचा कंटाळा नव्हता. संथ चित्रासमोर एकटे आणि गप्प बसवले जाणे त्यांना जड गेले. तशी सवय या मुलखाला कधीच नव्हती.

२०२१ साली दोन बातम्या दीड महिन्याच्या अंतराने आल्या. जानेवारीत पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठ्यात संग्रहालय उभे करून चित्रकथी आणि बाहुल्यांची कला जपणारा हा माणूस. मार्चमध्ये 'बॉम्बे रोज' घरोघरच्या पडद्यावर आला. पहिली बातमी लोककलेच्या पानावर छापली गेली, दुसरी मनोरंजनाच्या. दोन्ही पाने एकाच परंपरेविषयी होती. पिंगुळीकडे सांगणारे आहेत आणि त्यांना प्रेक्षक कमी पडतात. मुंबईच्या चित्रकारांकडे चित्रे आहेत आणि त्यांना सांगणारा नाही. एखाद्या चित्रपट मंडळाने या दोघांना एका संध्याकाळी एका पडद्याशी बसवले, तर खर्च फार येणार नाही.

आमच्या गल्लीत तेवढी वाट पाहण्याची कुणाची तयारी नाही. या हिवाळ्यात 'बॉम्बे रोज' लावायचे ठरले आहे, गोष्ट आधी सांगून. मावशींची अट एकच : करडीची काढणी लागायच्या आत ठेवा.